केप ग्वार्डाफुई: आफ्रिकेच्या शिंगाचं टोक आणि समोरचा आपला किनारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आफ्रिकेच्या शिंगाच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या ईशान्य कोपऱ्याच्या, टोकाला नकाशात केप ग्वार्डाफुई दिसतं. ते खंडाचं सर्वांत पूर्वेचं टोक आहे का? तिथं इतकी जहाजं का फुटली? आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याशी त्याचा संबंध होता असं जे म्हणतात, त्यात तथ्य किती?

मी व्यापारी जहाजांवर नेव्हिगेटिंग ऑफिसर म्हणून सुरुवात केली आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. एडनच्या आखातातून पूर्व आफ्रिकेकडे जाताना आणि परतताना हे टोक वाटेत यायचं, त्यामुळं त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली. आधी सरळ उत्तर देतो. सर्वांत पूर्वेचं टोक ते नाही. जहाजं फुटली ती मोसमी वाऱ्यामुळं आणि जवळच उभ्या असलेल्या एका फसव्या डोंगरामुळं. आणि आपल्या किनाऱ्याशी असलेला संबंध खरा आहे, लेखी आहे आणि जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. आता सविस्तर.

ग्वार्डाफुई सोमालियाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, साधारण ११ अंश ५० मिनिटं उत्तर आणि ५१ अंश १७ मिनिटं पूर्व. सोमाली लोक त्याला रास असीर म्हणतात. आज हा भाग पुंटलँड या स्वायत्त राज्यात येतो. मुंबईहून समुद्रावर सरळ रेघ मारली तर अंतर सुमारे १,३०० सागरी मैल भरतं. उत्तरेला एडनचं आखात, पूर्वेला आणि दक्षिणेला हिंदी महासागर, आणि समोर पूर्वेकडे अब्द अल कुरी हे छोटं बेट, साधारण शंभर किलोमीटरवर. त्याच्याही पुढे सोकोत्रा. ही बेटं राजकीयदृष्ट्या येमेनची असली तरी भूगर्भाच्या हिशेबानं ती याच शिंगाचा पुढे गेलेला भाग आहेत. अरबस्तान आफ्रिकेपासून फाटून दूर सरकला आणि मध्ये एडनचं आखात उघडलं, तेव्हा सोकोत्राची जमीन आफ्रिकेच्या बाजूला राहिली. ती ज्वालामुखीनं नव्यानं घडवलेली जमीन नाही, जुन्या खंडाचाच खडक आहे. म्हणून तिथं ग्रॅनाइटचे सुळके दिसतात.

सर्वांत पूर्वेच्या टोकाचा मान जातो दक्षिणेच्या रास हाफूनला. ते ग्वार्डाफुईपासून दीडशे किलोमीटरवर आहे आणि रेखांशात जरासंच, दहा-पंधरा किलोमीटर, जास्त पूर्वेला सरकलेलं आहे. वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीनं ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे. शाळेच्या नकाशात एवढा फरक दिसत नाही, म्हणून गोंधळ होतो. पण खलाशाच्या दृष्टीनं कोपरा ग्वार्डाफुईचाच, कारण किनारा पश्चिमेकडे वळतो तो तिथं. एडन, तांबडा समुद्र, सुएझ, सगळं त्या वळणाच्या आत आहे.

दिसायला ते एक उघडंबोडकं, चुनखडीचं, समुद्रात सरळ तुटलेलं टोक आहे. उंची अडीचशे मीटरच्या आसपास. जुन्या खलाशांना ते पाय पसरून बसलेल्या सिंहासारखं वाटायचं. दक्षिणेकडून स्वच्छ हवेत पाहिलं तर ती तुलना पटते. झाडोरा जवळपास नाही आणि पाऊस जेमतेम. इथंच पहिलं कोडं उभं राहतं. आपल्याकडे सह्याद्रीवर कोसळणारा मोसमी पाऊस ज्या वाऱ्यानं येतो, तो वारा याच टोकाशेजारून जातो. मग तिथं वाळवंट आणि आपल्याकडे महाबळेश्वर, असं का?

जून ते ऑगस्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा केनियाच्या किनाऱ्याशी वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर होऊन ईशान्येकडे सुटतो. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये या झोताचं नीट वर्णन केलं, म्हणून अभ्यासक त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. सोमाली जेट हे दुसरं नाव. वारा किनाऱ्याला समांतर वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. मुंबईजवळ समुद्राचं तापमान २८-२९ अंश असतं त्या दिवसांत हाफूनच्या आसपास ते विशीच्या खाली उतरतं. थंड पाण्यावरची हवा जड असते, ती वर उचलली जात नाही, म्हणून ढग बनत नाहीत. तोच वारा पुढे हजारो किलोमीटर उबदार अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करत येतो आणि सह्याद्रीला धडकून ते सगळं कोकणात रितं करतो.

याच समुद्राचा अभ्यास करायला १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली होती. तिचं हवामान केंद्र मुंबईत, कुलाब्याला होतं. आपला पाऊस समजून घ्यायचा तर सोमालियाच्या समोरचं पाणी मोजावं लागतं, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

सोमाली प्रवाह हे आणखी एक वैशिष्ट्य. जगातले बहुतेक मोठे सागरी प्रवाह वर्षभर एकाच दिशेनं वाहतात. हा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात ईशान्य वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे, पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्याबरोबर उत्तरेकडे. भर मोसमात त्याचा वेग सहा-सात नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जाऊ शकतो. दहा-बारा नॉटनं चालणाऱ्या जुन्या आगबोटीच्या दृष्टीनं हा आकडा भयंकर आहे. तासाभरात जहाज आपण समजतो त्यापेक्षा सहा मैल भलतीकडे गेलेलं असू शकतं, आणि आजूबाजूला पाणीच पाणी असल्यानं ते कळायला मार्ग नसतो.

जुलैमध्ये या किनाऱ्याशी येताना ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, काय अनुभव येतो ते सांगतो, कारण पुस्तकातून ते नीट पोचत नाही. वारा तीस-पस्तीस नॉट, समुद्र पांढरा झालेला, तरीही आकाशात पावसाचे ढग नाहीत. क्षितिज हळूहळू पुसट होतं आणि मग नाहीसंच होतं. धुकं म्हणावं तर इतका वारा, धूळ म्हणावं तर काचेवर ओल. दोन्ही असतं: थंड पाण्यावरची दमट हवा आणि जमिनीवरून उडालेली बारीक माती. सूर्य फिकट तबकडीसारखा डोक्यावर असतो, पण क्षितिज नसल्यानं सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजून जहाजाची जागा काढायचं उपकरण, निरुपयोगी. अशा वेळी पहिली खबर अनेकदा इंजिन रूममधून येते. थंड करायला जे समुद्राचं पाणी आत घेतात, त्याचं तापमान एका वॉचमध्ये, म्हणजे चार तासांच्या पाळीत, सात-आठ अंशांनी घसरतं आणि इंजिनियर फोन करून विचारतो, कुठं आलो आपण? पाण्याचा रंगही बदलतो. निळं पाणी गढूळ हिरवं होतं, कारण खालून वर आलेल्या थंड पाण्यात खतासारखी द्रव्यं असतात आणि सूक्ष्म वनस्पती त्यावर फोफावतात. हा रंग लक्षात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

आता खोट्या टोकाबद्दल. ग्वार्डाफुईच्या दक्षिणेला दहा-बारा सागरी मैलांवर रास शेनागेफ नावाचा दुसरा उंच कडा आहे. दोन्हींच्या मध्ये किनारा सखल आणि वाळूचा. कोलंबोकडून एडनला जाणाऱ्या आगबोटी भर मोसमात सरळ पश्चिमेला जात नसत, कारण वारा आणि लाट तोंडावर येई. त्या आधी दक्षिणेला उतरत, मग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ येऊन उत्तरेकडे वर चढत आणि ग्वार्डाफुईला वळसा घालून आखातात शिरत. म्हणजे त्या दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येत. धुरकट हवेत डाव्या हाताला एक प्रचंड कडा दिसला, त्याच्यापुढे काहीच दिसलं नाही, की कॅप्टन समजायचा हेच ग्वार्डाफुई, पुढे मोकळं आखात आहे. सुकाणू पश्चिमेला. आणि पुढे असायची ती सखल वाळू, जी त्या हवेत मैलभरावरूनही दिसत नसे. मागून प्रवाह ढकलतोय, लाट चढतेय, जहाज वाळूवर गेलं की सुटका नाही.

जुनी पायलट पुस्तकं, म्हणजे खलाशांसाठीची किनाऱ्यांची माहितीपुस्तकं, यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत: खोली मोजत राहा आणि खात्री होईपर्यंत वळू नका. खात्रीची उत्तम खूण डोळ्यांना दिसणारी नव्हती. खऱ्या टोकाला वळसा घातला की नैऋत्येची लाट डोंगराआड जाते आणि जहाजाचं डोलणं थोड्याच वेळात बदलतं. डोलणं बदललं नसेल तर समोर कितीही मोठा कडा मागे पडलेला दिसो, टोक अजून यायचं आहे. रडार आल्यावर धोका खूपच कमी झाला. तरी सावधगिरी राहते, कारण उंच कडे रडारवर तीस मैलांवरूनही ठळक उमटतात आणि वाळूचा सखल किनारा जवळ येईपर्यंत उमटत नाही. पडद्यावर पुन्हा तेच चित्र दिसतं: दोन डोंगर आणि मध्ये फसवी मोकळी जागा. माझ्या हाताखालच्या तरुण ऑफिसरांना मी हे चित्र कागदावर काढून दाखवत असे.

अपघातांच्या तारखा पाहिल्या तर कारण लपत नाही. मेसाजरी मारितीम या फ्रेंच कंपनीची मेइकाँग ही आगबोट जून १८७७ मध्ये चीनकडून फ्रान्सला परतताना ग्वार्डाफुईजवळ फुटली. तिच्यात व्हिएतनाममधल्या चंपा राज्याची दगडी शिल्पं होती. मोरिस नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ती जमवून मायदेशी पाठवली होती. चंपा हे हिंदू राज्य, त्यामुळं शिव-विष्णूच्या परंपरेतली ती शिल्पं शतकाहून जास्त काळ सोमालियाच्या समुद्रतळावर पडून राहिली. १९९५ मध्ये बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेनुई यानं मोहीम काढून त्यातली काही वर आणली. पी अँड ओ कंपनीची एडन ही बोट जून १८९७ मध्ये कोलंबोहून येताना शेजारच्या सोकोत्राच्या खडकावर गेली. तिच्यावरचे सत्तरहून अधिक लोक गेले. जे वाचले त्यांनी मोडक्या सांगाड्यावर दोन आठवड्यांहून जास्त काळ काढला, तेव्हा कुठं रॉयल इंडियन मरीनचं मेयो हे जहाज पोचलं. दोन्ही अपघात जूनमधले, म्हणजे मोसम नुकताच भरात आलेला असताना.

माझ्या मते या सगळ्याचं मूळ इथं आहे. शिडाची गलबतं या कोपऱ्यावर जूनमध्ये पूर्वेकडून येतच नसत. वारा येऊ देत नसे. पूर्वेकडून यायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ईशान्य वाऱ्यावर, जेव्हा समुद्र शांत आणि हवा स्वच्छ असते. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं वेळापत्रकावर धावू लागली आणि वाऱ्याची परवानगी घ्यायची गरज संपली. ज्या तीन महिन्यांत त्या समुद्रात शतकानुशतकं पूर्वेकडून कुणी येत नव्हतं, त्याच महिन्यांत डाकबोटी प्रवासी घेऊन जाऊ लागल्या. ग्वार्डाफुईची दहशत ही प्राचीन गोष्ट वाटते, पण तिचा मोठा भाग आगबोटींच्या युगात घडला आहे.

प्राचीन काळात हे टोक बाजारासाठी ओळखलं जात होतं. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावानं ती ओळखली जाते. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही, पण माणूस स्वतः फिरलेला आणि हिशेबी होता, हे ओळीओळीतून कळतं. तो या टोकाला मसाल्यांचं टोक आणि बाजारपेठ म्हणतो. नांगरवाडा उत्तरेला उघडा असल्यानं कधीकधी धोक्याचा, असंही सांगतो. आणि मग लिहितो, की वादळ येण्याची इथली खास खूण म्हणजे खोल पाणी गढूळ होतं आणि रंग बदलतं. वर सांगितलेलं हिरवं पाणी आठवा. खालून येणारं थंड पाणी आणि त्यावर वाढलेल्या सूक्ष्म वनस्पती, हीच ती खूण असावी असं माझं मत आहे. समुद्रशास्त्र नव्हतं तेव्हाच्या खलाशांनी पाण्याच्या रंगावरून वाऱ्याचा अंदाज बांधला होता. असं निरीक्षण वाचलं की त्या अनामिक माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

याच ग्रंथात आपला संबंध येतो. या किनाऱ्यावरच्या बाजारांत अरियाके आणि बरिगाझा इथून जहाजं नियमित येत असत, असं तो सांगतो. बरिगाझा म्हणजे भरूच. अरियाके म्हणजे गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंतचा पट्टा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. माल काय? गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड, कमरपट्टे आणि वेतापासून निघणारा ‘सक्करी’ नावाचा मध, म्हणजे साखर. ही यादी दोनदा वाचावी. यात हिरे-मोती नाहीत. घरच्या कोठारातला शिधा आहे. ज्या किनाऱ्यावर धान्य पिकत नाही, तिथं आपल्या किनाऱ्यावरून तांदूळ आणि तूप जात होतं. काही जहाजं खास या बाजारांसाठीच जात, काही किनाऱ्यानं पुढे जाता जाता मालाची अदलाबदल करत. त्याच ग्रंथात पुढे सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरंही येतात. सिमुल्ला म्हणून जे लिहिलंय ते चौल. कल्याणबद्दल तर त्यानं स्थानिक राजकारणही नोंदवलंय: तिथं चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात.

त्या काळच्या रोमन जगाची दालचिनीबद्दल एक ठाम समजूत होती, की ती इथेच, शिंगाच्या टोकाशी पिकते. प्रत्यक्षात सोमालियात दालचिनी होत नाही. ती दक्षिण किंवा आग्नेय आशियातून येऊन इथल्या बाजारात उतरत असणार आणि व्यापाऱ्यांनी मूळ ठिकाण गुलदस्त्यात ठेवलं असणार. घेणाऱ्यानं जिथं विकत घेतलं तेच उगमस्थान मानलं. हा माझा तर्क नाही, बहुतेक इतिहासकार असंच मानतात.

पुरावा फक्त पुस्तकी नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ नेव्हिल चिटिक यानं १९७५ मध्ये हा किनारा पाहिला. हाफूनला मिळालेल्या खापरांत इराणच्या आखाताकडची आणि भारतीय बनावटीची खापरं निघाली. ग्वार्डाफुईलगतच्या दामो या ठिकाणी मसाल्यांच्या टोकाची बाजारपेठ असावी, असं त्याचं मत होतं. आणि समोर सोकोत्रात तर कमालच झाली. होक नावाच्या गुहेत बेल्जियन शोधकांना २००० नंतर दोनशेच्या वर कोरीव आणि रंगवलेले लेख मिळाले. त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. दुसऱ्या ते पाचव्या शतकांतले. भरुकच्छहून, म्हणजे भरूचहून, आलेल्या माणसांनी अंधाऱ्या गुहेत खोल जाऊन आपापली नावं लिहिली आहेत, जहाजांची चित्रं काढली आहेत. त्याच गुहेत पाल्मिरा या सीरियातल्या शहरातल्या माणसानं ठेवलेली लाकडी पाटी आहे, इ.स. २५८ ची. वारा बदलायची वाट पाहत अडकून पडलेले खलाशी काय करत असतील, याचं इतकं जिवंत चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

टोकाच्या पाठीमागच्या डोंगरांत बोसवेलियाची झाडं आहेत. त्यांच्या सालीतून सुगंधी डिंक निघतो, ज्याला जगभर फ्रँकिन्सेन्स म्हणतात. आपल्याकडे सातपुड्यात मिळणारी सालई याच कुळातली. सोमाली जातींपैकी एक तर मातीचा कणही नसलेल्या खडकाला बुंध्याच्या फुगीर तळव्यानं चिकटून वाढते. साल थोडी खरवडायची, दुधासारखा चीक बाहेर येतो, काही दिवसांत वाळून गोळ्या होतात, त्या काढायच्या आणि तीच जखम पुन्हा खरवडायची. काम कड्यावर दोरानं लटकून करावं लागतं. एकोणिसाव्या शतकात हा माल एडनमार्गे मुंबईला येई. तिथं प्रतवारी होऊन तो पुढे लंडनला आणि चीनला जाई. म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चमध्ये जळणारा धूप बरेचदा मुंबईतल्या गोदामातून गेलेला असे.

मधल्या शतकांबद्दल थोडक्यात सांगतो. पोर्तुगीजांना हा कोपरा हवा होता तो नाकाबंदीसाठी. तांबड्या समुद्राकडे जाणारा मुसलमान व्यापाऱ्यांचा माल इथून जातो, हे त्यांनी लगेच हेरलं. १५०७ मध्ये त्रिस्ताओ द कुन्हा आणि अल्बुकर्क यांनी सोकोत्रा घेतलं. अल्बुकर्क नंतर ग्वार्डाफुईसमोर जहाजं अडवायला फिरत राहिला. हाच अल्बुकर्क १५१० मध्ये गोव्यात उतरला. सोकोत्राचं ठाणं पुढच्याच वर्षी त्यांनी सोडलं, कारण तिथं पाणी, धान्य आणि सुरक्षित बंदर यांतलं काहीच धड नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात इथं माजेर्तीन सुलतानांचं राज्य होतं. बोकोर उस्मान महमूद हा त्यांतला दीर्घकाळ राज्य केलेला राजा. वाळूवर आलेलं जहाज ही या गरीब किनाऱ्यावरच्या लोकांची मोठी मिळकत होती आणि त्यावर राजाचा हक्क असे. ब्रिटिशांनी त्याच्याशी समझोता केला: वर्षाला ठरलेली रक्कम घ्यायची आणि फुटलेल्या जहाजांवरच्या ब्रिटिश खलाशांचं रक्षण करायचं, माल लुटू द्यायचा नाही. माझ्या नजरेला हा व्यवहार अत्यंत शहाणपणाचा दिसतो. राजाला आपल्या भूगोलाची किंमत बरोबर कळली होती. १८८९ मध्ये त्यानं इटलीशी संरक्षणाचा करार केला, तोही स्वतःचा कारभार स्वतःकडे ठेवून. पण मुसोलिनीच्या काळात गव्हर्नर दे वेक्की यानं १९२५ ते १९२७ या काळात फौजा, तोफा आणि युद्धनौका लावून हे राज्य मोडलं.

दीपगृह त्याच काळातलं. पहिलं १९२४ मध्ये उभं राहिलं आणि इटलीचा जुना पंतप्रधान फ्रान्चेस्को क्रिस्पी याचं नाव त्याला दिलं. १९३० मध्ये त्या जागी दगडी मनोरा बांधला. त्याचा आकार फॅसिस्टांच्या चिन्हाचा, म्हणजे काठ्यांची मोळी आणि तिला लावलेली कुऱ्हाड. मनोऱ्याच्या अंगातून दगडी पातं बाहेर आलेलं आजही फोटोंत दिसतं. दिवा केव्हाच बंद पडला, मनोरा उभा आहे. जूनच्या धुरकट हवेत त्याचा उजेड फार दूर जात नसणार. खरं संरक्षण रडारनं आणि उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थितीनं दिलं.

चाचेगिरीबद्दलही लोक विचारतात. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, किनारा बेवारस झाला, परदेशी ट्रॉलरांनी मासळी ओरबाडली, आणि २००८ ते २०११ या काळात जहाजं पळवण्याचा धंदा शिगेला पोचला. तेव्हा आम्ही या टोकापासून शेकडो मैल लांबून जात असू, रेलिंगला काटेरी तारांची वेटोळी लावून आणि पाण्याचे होस सुरू ठेवून. रात्रीच्या वॉचवरच्या पोरांच्या डोळ्यांतली भीती मला आजही आठवते, आणि त्यांच्या घरच्यांचे फोनही. मार्च २०१७ मध्ये एरिस-१३ हा टँकर पळवून टोकाच्या पश्चिमेच्या अलूला गावासमोर आणून ठेवला होता. पुढच्याच महिन्यात कच्छमधल्या मांडवीचं अल कौसर हे वहाण (लाकडी मालवाहू गलबत) सोकोत्राजवळ पकडलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये रुएन हे जहाज चाच्यांनी पळवलं. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकातानं ते सोडवलं, १७ खलाशी सुखरूप निघाले आणि शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

यातही मोसमाची छाप स्पष्ट आहे. चाच्यांच्या लहान होड्या जून ते ऑगस्ट त्या लाटेत टिकत नाहीत, म्हणून त्या महिन्यांत हल्ले दरवर्षी घटत. तिथले कोळीही आपल्या कोळ्यांप्रमाणेच त्या काळात होड्या वाळूवर ओढून ठेवतात. मांडवी, पोरबंदरकडची वहाणं आजही सोमालियाच्या बंदरांना तांदूळ, साखर आणि किराणा नेतात, म्हणजे पेरिप्लसमधली यादी फारशी बदललेली नाही. त्यांच्यावर जून ते ऑगस्ट समुद्रात जायची बंदी असते. शिवाय चाचेगिरीमुळं २०१० मध्ये आपल्या नौवहन महासंचालनालयानं ओमानमधलं सलाला ते मालदीवमधलं माले अशी रेघ ठरवून तिच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जायला या वहाणांना मनाई केली, तरी काही जात राहिली. ग्वार्डाफुई त्या रेघेच्या पलीकडे पडतं.

तिथं जाऊन पाहता येईल का, असा पुढचा प्रश्न कुणी विचारेल. सध्या जाऊ नये. मागच्या डोंगरांत सशस्त्र गटांशी लढाया होत आल्या आहेत, रस्ता धड नाही आणि मदत लांब आहे. उपग्रह चित्रांत मात्र ते सुंदर दिसतं. खरं टोक, खोटं टोक आणि मधली फिकट वाळू एका नजरेत येते. जुलैचं चित्र काढलंत तर हाफूनपासून समुद्रात शिरलेला हिरवा पट्टाही दिसेल.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दामोची. चिटिकनंतर तिथं सलग, नीट उत्खनन होऊ शकलेलं नाही. हाफूनची भारतीय खापरं आणि आपल्याकडे चौल-सोपाऱ्याच्या उत्खननांत निघालेली खापरं एकाच टेबलावर ठेवून, त्यांच्या मातीची तपासणी करून, जुळवून पाहायला हवीत. होकच्या गुहेतल्या लेखांनी भरूचचा हिशेब लागला. अरियाकेतून निघालेलं तूप आणि तांदूळ नेमक्या कोणत्या खाडीतून गलबतात चढले, हे त्या मातीवरून सांगता येईल.